रक्तातलं आणि हातातलं

१९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये इरावती कर्वे माणसांच्या कवट्या मोजत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा ठरलेली होती. युरोपीय कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू असमान असतात आणि त्यातच बुद्धीचं श्रेष्ठत्व असतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. इरावतीबाईंना वंशावंशांत तसा फरक सापडला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. पुढे याच फिशर यांच्या विचारांचा नाझींच्या वंशशुद्धीला आधार झाला. स्वभाव जन्मजात की संगोपनाचा, हा वाद प्रयोगशाळेबाहेर पडला की काय करू शकतो, ते इथे दिसतं.

तरीही आनुवंशिकतेचं वजन नाकारता येत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून अगदी लहानपणी ताटातूट झालेली जुळी भावंडं अभ्यासली. त्यातली एकाच बीजाची भावंडं वेगवेगळ्या घरांत वाढूनही स्वभावाने जवळपास तितकीच सारखी निघाली, जितकी एकत्र वाढलेली निघतात. पुढे २०१५ मध्ये जगभरातल्या जुळ्यांवरचे पन्नासेक वर्षांचे अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक जोड्या होत्या आणि आनुवंशिकतेचा सरासरी आकडा आला ४९ टक्के.

हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. तुमचा निम्मा रागीटपणा आजोबांकडून आला, असं तो सांगत नाही. एका समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. समाज बदला, आकडा बदलतो. शिवाय जनुकात आहे म्हणजे अटळ आहे, असंही नाही. फेनिलकीटोनुरिया हा पूर्णपणे आनुवंशिक विकार. उपचार न झाल्यास मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. पण जन्मानंतर लगेच तपासणी करून विशिष्ट आहार सुरू केला, तर ते बहुतांशी टळतं. जनुक तेच राहतं, ताट बदलतं.

आणि उलट बाजू? ती रोमानियात दिसली. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथले अनाथाश्रम जगाला दिसले. ओळीने मांडलेले पाळणे, ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी लंगोट, आणि रडून कुणी येत नाही हे कळल्यामुळे गप्प पडलेली बाळं. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संशोधकांनी अशा १३६ मुलांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, पालक-कुटुंबांत ठेवली. घर मिळालेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता सुधारली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अनेक बाबतींत अधिक फायदा झाला. मूल रडल्यावर कुणीतरी धावत येणं, ही मेंदूच्या वाढीची गरज आहे, असं मी या अभ्यासानंतर ठामपणे म्हणेन.

आपल्याकडे मात्र ‘रक्तातच आहे’ या समजुतीला कायद्याचं बळ मिळालं होतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. पुढे आपल्या भागातही पारध्यांसारख्या जमातींना पोलिसांकडे हजेरी लागली, सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. गावाबाहेर ठेवायचं, कामावर घ्यायचं नाही, पोरगं शाळेत टिकू द्यायचं नाही आणि मग चोरी रक्तात आहे म्हणायचं, ही क्रूर लबाडी होती. १९५२ मध्ये कायदा गेला, तरी संशय मागे राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने तो आतून दाखवला. तुरुंगांच्या नियमावल्यांत जन्मजात गुन्हेगारीची ही कल्पना इतकी मुरलेली होती की कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये द्यावा लागला.