पोटातील गाठ ओळखायची कशी?
पोट वाढले, तर आत काय आहे हे बाहेरून तुम्ही सांगू शकाल? डॉक्टरांनाही ते कठीण जाते. १८०९ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात जेन क्रॉफर्ड या बाईंना जुळे होणार, असा डॉक्टरांचा समज होता. एफ्राइम मॅक्डॉवेल यांनी तपासले, तो गर्भाशय रिकामे! म्हणजे गाठ अंडाशयाची. त्या काळी पोट उघडणे म्हणजे मरणच. भुलीचे औषधही नव्हते. तरी बाई तयार झाल्या. गाठ अखंड निघेना, म्हणून आतील चिकट द्रव आधी काढला. सुमारे १० किलोग्रॅमची गाठ २५ मिनिटांत निघाली. बाई पुढे ३२ वर्षे जगल्या. आज सोनोग्राफी, सीटी स्कॅन गाठ दाखवतात. पण ती कर्करोगाची आहे का, हे बहुधा तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते.