प्लेअर सोडला, टायमर राहिला
मोबाईल अॅप घडवताना : लेखांक ७

गाणं सुरू असताना वापरणारा बॅकचं बटण दाबतो, स्क्रीन बंद होते आणि सेकंदभरात अॅप कोसळतं. लॉगकॅटमध्ये इल्लीगल-स्टेट-एक्सेप्शन दिसतं आणि त्याखाली ज्या ओळीकडे बोट दाखवलेलं असतं, ती अगदी निरुपद्रवी वाटते: गेट-करंट-पोझिशन. गाणं कुठवर आलंय, एवढीच चौकशी.

अँड्रॉइडचा मीडिया-प्लेअर अवस्थांनी बांधलेला आहे. नवा प्लेअर रिकामा असतो. त्याला फाईल दिली, तरी तो वाजवायला तयार नसतो. प्रिपेअर पूर्ण झाल्यावरच स्टार्ट चालतं. रिलीज केल्यावर मात्र तो कायमचा संपतो, त्यानंतर साधी विचारपूसही त्याला चालत नाही.

मग विचारपूस करतो कोण? सीकबार पुढे सरकत राहावा म्हणून आपण हँडलरला दर सेकंदाला यायला सांगितलेलं असतं. ऑन-डिस्ट्रॉयमध्ये प्लेअर रिलीज झाला, पण हँडलरच्या रांगेतला निरोप तसाच राहिला. काही जण रिलीजनंतर व्हेरिएबल नल करून मोकळे होतात. त्याने क्रॅशचं फक्त नाव बदलतं, आता नल-पॉइंटर-एक्सेप्शन येतं. खरा इलाज एका ओळीचा आहे: रिलीज करताना रिमूव्ह-कॉलबॅक्सही करा आणि दोन्ही कामं एकाच फंक्शनमध्ये ठेवा, म्हणजे एक झालं आणि दुसरं राहिलं असं होणार नाही.

ट्राय-कॅचने झाकण्याचा मार्ग मला मुळीच मान्य नाही. क्रॅश दिसेनासा होतो खरा, पण टायमर चालूच राहतो आणि बंद झालेल्या अॅक्टिव्हिटीला मेमरीत धरून ठेवतो.

नेटवरून येणाऱ्या गाण्याची अडचण वेगळी. प्रिपेअर मेन थ्रेडवर केलं, तर स्क्रीन गोठते, म्हणून प्रिपेअर-असिंक वापरायचं. पण ते लगेच परत येतं, आणि पुढच्याच ओळीत स्टार्ट लिहिलं असेल तर लॉगमध्ये उणे ३८ हा एरर उमटतो. त्याचा अर्थ, या अवस्थेत ही आज्ञा चालत नाही. स्टार्टची जागा ऑन-प्रिपेअर्डमध्ये.

एरर लिसनर लावलेला नसेल, किंवा त्याने फॉल्स परत केलं, तर प्लेअर ऑन-कम्प्लीशन बोलावतो. तिथे आपण 'पुढचं गाणं लाव' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे एकही गाणं न वाजता यादी भराभर पुढे सरकते. लिसनर लावा, ट्रू परत करा आणि रीसेट करून नव्याने सुरुवात करा. अॅपमधली फाईल मीडिया-प्लेअर-क्रिएटने उघडत असाल, तर ती उघडली नाही की नल मिळतं, तेही तपासा.

नवं अॅप लिहिणाऱ्यांनी सरळ मीडिया३ मधला एक्सो-प्लेअर घ्यावा. प्रिपेअर होण्याआधी प्ले म्हटलं तरी तो बिघडत नाही, तयार झाला की वाजू लागतो. त्याची अट एकच: ज्या थ्रेडशी तो बांधला आहे, तिथूनच त्याला हाक मारायची, एरवी मेन थ्रेडवरूनच.

पुढच्या आठवड्यात स्क्रीन बंद असताना गाणं चालू ठेवणाऱ्या फोरग्राउंड सर्व्हिसकडे वळू.