चार्टर विमानाचा पायलट : नोकरी, खर्च आणि पुढची वाट

चऱ्होलीच्या माणसाला विमानाचे अप्रूप नाही. लोहगावची धावपट्टी जवळच, त्यामुळे हवाई दलाची आणि प्रवासी अशी दोन्ही विमाने आमच्या डोक्यावरून जातात. त्यांत अधूनमधून एखादे आठ-दहा आसनांचे छोटे विमानही दिसते. कारखान्याचे बडे साहेब, एखादा पुढारी किंवा तातडीचा रुग्ण घेऊन ते येते आणि निघून जाते. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांची मुले आता सायन्सला जातात आणि पायलट व्हायचे म्हणतात. जाहिरातीत त्यांना मोठ्या कंपनीचा पगार दिसतो. पण परवाना मिळालेल्या काही मुलांची सुरुवात या छोट्या विमानांवर होते, आणि त्या नोकरीबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. आम्ही कापडवाले, विमानातले जाणकार नव्हे. तरी भांडवल किती अडकते आणि केव्हा सुटते, एवढे आम्हाला कळते.

आधी चार्टर म्हणजे काय ते पाहू. एसटी ठरल्या वेळी सुटते, तिकीट काढून कोणीही बसतो. लग्नाला आपण स्पेशल गाडी ठरवतो, ती आपल्या वेळेने आपल्या गावी जाते. विमानातही हाच फरक आहे. हजच्या मोसमात यात्रेकरूंसाठी आख्खे विमान ठरवले जाते, तेही चार्टरच. गोव्यात परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने १९८५ पासून उतरू लागली. सरकारदरबारी या धंद्याला वेळापत्रकाबाहेरची सेवा म्हणतात आणि तिचा परमिट वेगळा असतो.

आपल्याकडच्या खासगी विमान कंपन्यांची सुरुवातही अशीच 'एअर टॅक्सी' म्हणून झाली. केरळहून मुंबईत येऊन प्रवासाच्या धंद्यात उतरलेल्या थकियुद्दीन वाहिद यांच्या कुटुंबाने १९९२ मध्ये 'ईस्ट वेस्ट एअरलाइन्स' काढली. नोव्हेंबर १९९५ मध्ये वाहिद यांची मुंबईत हत्या झाली आणि १९९६ मध्ये कंपनी बंद पडली. पुढे किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये थांबली. मोठमोठ्या पेढ्यांची ही गत, तर एक-दोन विमानांच्या चार्टर कंपनीचे बळ किती ते ओळखावे. तिचे एक विमान दुरुस्तीला गेले की पायलट घरी बसतो.

आता कामाकडे येऊ. मोठ्या कंपनीत महिन्याची पाळी आधी लावलेली असते. चार्टरमध्ये फोन वाजतो तेव्हा काम निघते. पहाटे पुण्याहून पार्टी घ्यायची, नांदेडला सोडायची, तिथे दिवसभर थांबायचे. पार्टीची बैठक लांबली की पायलटही थांबला, आणि मुक्काम पडला तर कपड्यांची बॅग सोबत हवीच. हवामानाचा अहवाल, इंधनाचा हिशेब, उड्डाणाची परवानगी ही कामे मोठ्या कंपनीत बरीचशी दुसरे लोक करून देतात. इथे दोन पायलटांनाच पुष्कळ पाहावे लागते. प्रसंगी पार्टीचे सामानही उचलावे लागते. ज्याला यात कमीपणा वाटतो त्याने या वाटेला जाऊ नये. मात्र हात चांगला बसतो. लहान धावपट्ट्या, साध्या सोयी, रोज नवे ठिकाण, हा उस्तादाच्या हाताखालचा अनुभव आहे.

खरी कसोटी वेगळीच आहे. आमच्या दुकानात गिऱ्हाईक आडून बसले तर आम्ही दोन रुपये सोडतो आणि सौदा करतो. पायलटला ती मुभा नाही. हवामान बिघडले, समोरची धावपट्टी दिसत नाही, आणि मागे बसलेला बडा माणूस सभेला उशीर होतो म्हणून घाई करतो. अशा वेळी 'नाही' म्हणायचा अधिकार कायद्याने कमांडरचा आहे. पण तो माणूस मालकाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असतो, हेही पायलटला ठाऊक असते. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांना घेऊन निघालेले छोटे विमान खराब हवामानात उत्तर प्रदेशातील मैनपुरीजवळ कोसळले आणि विमानातील आठही जण गेले. म्हणून नोकरी धरताना पगाराआधी एक गोष्ट विचारावी : पायलटने उड्डाण नाकारले तर मालक त्याच्या पाठीशी उभा राहतो का? तिथले जुने पायलट याचे खरे उत्तर देतात.

खर्चाचे बोलू. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. बारामती, गोंदिया, शिरपूर अशी प्रशिक्षणाची ठिकाणे महाराष्ट्रातच आहेत, पण खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. पुष्कळांचा समज असा की परवाना आला म्हणजे नोकरी आली. तसे नाही. ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे 'टाइप रेटिंग' वेगळे घ्यावे लागते, त्याला आणखी लाखो रुपये लागतात. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. वडील बेकरीत कामाला. 'सियासत' दैनिकाच्या संपादकांनी हात दिला आणि मुलीने परवाना मिळवला. तरी पुढच्या प्रशिक्षणाला पुन्हा मोठी रक्कम लागली, तेव्हा सरकारी मदत घ्यावी लागली. दुकान गहाण टाकून पहिला टप्पा पार केला आणि दुसऱ्याला पैसाच उरला नाही, तर परवाना असूनही मुलगा घरीच बसतो. काही चार्टर कंपन्या हा खर्च स्वतः करतात आणि काही वर्षांचा बाँड लिहून घेतात. त्यातली रक्कम व मुदत वकिलाला दाखवूनच सही करावी.

पुढची वाट तासांवर ठरते. कमांडर होण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या परवान्याला १,५०० तास हवेत. वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, पण चार्टरमध्ये अडचण उलटी असते. मोठ्या कंपनीत जेवढे तास भरतात त्याच्या निम्मे भरले तरी इथे बरे म्हणायचे. मागणी आहे, यात शंका नाही. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांचा सौदा जाहीर केला, इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची मागणी नोंदवली. पण त्याच वर्षी देशात १,६२२ नवे व्यावसायिक परवानेही दिले गेले. रांग लांब आहे.

पैसे भरण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी उरकावी. रंगांधळेपणासारखी गोष्ट आधी कळली तर घर वाचते. नोकरी लागल्यावरही ही तपासणी दरवर्षी, आणि वय वाढले की सहा महिन्यांनी, द्यावी लागते. इंग्रजी बोलण्याची परीक्षा वेगळी. आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या घरातल्या मुलांनी ती तयारी दहावीपासूनच धरावी, कारण रेडिओवर दुसऱ्यांदा विचारायला वेळ नसतो.

ज्यांच्या हातात कारागिरी आहे पण एवढे भांडवल नाही, त्यांच्यासाठी विमान दुरुस्तीच्या अभियंत्याचा परवाना आहे. पायलटच्या प्रशिक्षणापेक्षा त्याचा खर्च पुष्कळ कमी, आणि त्याच्या सहीवाचून चार्टरचे विमानही जागचे हलत नाही.