लिहिणाऱ्या पोरांची वही कोणाची?

1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. वय जेमतेम चौदा वर्षांचे. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना, वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हा सवाल तिने भर पेशवाईच्या शहरात केला. आज तिचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण तो निबंध तिच्या नावानिशी, तिच्या युक्तिवादासह छापला गेला म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोहोचला, हे मात्र विसरतो. कुणी तो ‘सुधारून’ गोड केला असता, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

हा प्रश्न आम्हाला आज पडण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका साहित्यिक विश्वस्त संस्थेने वस्तीतल्या मुलांसाठी लेखन शिबिर घेतले. हेतू चांगला होता. नववीतल्या एका मुलीने सफाईचे काम करणाऱ्या आपल्या आईविषयी लिहिले. काही महिन्यांनी तिचे वडील संस्थेचा अहवाल घेऊन आमच्याकडे आले. देणगीदारांसाठी छापलेल्या त्या अहवालात मुलीचा फोटो होता, नाव होते, शाळेचे नावही होते. लेखात ‘माय’ची ‘आई’ झाली होती. थकलेली मजुरी मागायला माय ठेकेदाराच्या दारात जाऊन भांडते, तो शेवट गायब झाला होता. त्या जागी मुलीला मोठेपणी शिक्षिका व्हायचे आहे, असे एक वाक्य आले होते. ते वाक्य तिने लिहिलेलेच नव्हते.

आम्ही नोटीस पाठवण्याची तयारी केली. मुलगी म्हणाली, नोटीस नको, पैसे नकोत, माझी वही तेवढी परत द्या. संस्थेने दिलगिरी व्यक्त केली, उरलेले अहवाल वाटायचे थांबवले. वही मात्र मिळाली नाही. ती कुणी सांभाळून ठेवलीच नव्हती.

यात कायदा काय म्हणतो, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कॉपीराइट कायदा 1957 नुसार लेखनाचा पहिला मालक लिहिणारा असतो. लिहिणारा अठरा वर्षांच्या आतील असला म्हणून ती मालकी शिबिर भरवणाऱ्याकडे जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी हजेरीच्या कागदावर पोरांच्या सह्या घेऊन ‘सर्व हक्क संस्थेकडे’ असे लिहून ठेवणाऱ्यांनी त्या कागदावर फार विसंबू नये. याच कायद्याच्या कलम 57 प्रमाणे, हक्क देऊन टाकल्यावरही, हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. नामांकित कादंबरीकाराला जो अधिकार आहे, तोच नववीतल्या पोरीलाही आहे.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. मुले लिहायला लागली की जे तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर उतरते. एखाद्या मुलाने स्वतःवरील लैंगिक अत्याचाराविषयी लिहिले, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा आहे. आणि कलम 23 नुसार त्या मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. शिबिर घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? ‘फार हृदयद्रावक लिहिले आहे’ म्हणून टाळ्या वाजवून पुढच्या मुलाकडे वळणे हा त्या मुलाचा विश्वासघात आहे.

परदेशात हे काम कसे चालते, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात 2002 साली ‘826 व्हॅलेन्सिया’ ही संस्था सुरू झाली. तिच्याच धर्तीवर आयर्लंडमध्ये डब्लिन येथे 2009 साली कादंबरीकार रॉडी डॉयल आणि शॉन लव्ह यांनी ‘फायटिंग वर्ड्स’ उभी केली. तिथे मुलांना लेखन मोफत शिकवले जाते. लहान मुलांचा वर्ग मिळून एक गोष्ट रचतो, स्वयंसेवक ती उतरवून घेतो, चित्रकार तिथेच चित्रे काढतो. मग शेवट मात्र प्रत्येक मूल आपापला लिहिते आणि जाताना आपले छापील पुस्तक हातात घेऊन जाते. आमच्या मुलीचा शेवट कापला गेला. तिथे तर शेवट मुलाकडेच सोपवतात! इंग्लंडमध्ये 2007 पासून ‘फर्स्ट स्टोरी’ ही संस्था गरीब भागातल्या शाळांत लेखक पाठवते आणि मुलांच्या लेखनाचे संग्रह काढते. या सर्व कामामागे समन्वयक असतो. शाळांशी वेळ ठरवणे, स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणे, पालकांची परवानगी घेणे, वह्या जपणे, हे त्याचे काम. व्यासपीठावर तो दिसत नाही. पण तो नसेल तर काही उभेच राहत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’मधून नवोदितांना जागा दिली, लेखक-वाचक मेळावे भरवले. आलेले लेखन वाचायचे, पत्र पाठवायचे, पुन्हा लिहायला लावायचे, हे समन्वयकाचेच काम होते. आज आपण संमेलने भरवतो, सत्कार करतो, शाली वाटतो. वस्तीतल्या पोराचा दुसरा मसुदा वाचायला मात्र आपल्याकडे माणूस नसतो. ती जागा आपण मोकळी सोडली, म्हणूनच दुसरे येऊन आपल्या पोरांचे दुःख देणगीदारांना दाखवतात. त्यांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बुद्धविहारात, अभ्यासिकेत रविवारचे दोन तास लेखनासाठी ठेवावेत. एका जबाबदार माणसावर काम सोपवावे, शक्यतो सोबत एक महिला कार्यकर्ती असावी. वही मुलाकडेच राहील, आपण फक्त प्रत ठेवू. छापण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घेऊ आणि मुलाला विचारू. त्याने नाही म्हटले तर नाही. बोली तशीच राहील. बदल सुचवायचा तर मुलाला दाखवून, त्याच्या हातूनच करून घेऊ. आणि लिहिणाऱ्याचे दुःख वर्गणीच्या पावतीला जोडणार नाही.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले आणि त्याला ‘मूकनायक’ हे नाव दिले. मुक्यांना वाचा फुटावी हा त्यामागचा हेतू होता. त्या वाचेतले शब्द आपणच पुसत असू, तर नायकत्वाची भाषा आपल्याला शोभत नाही.

त्या मुलीने नवी वही घेतली आहे. ठेकेदाराचा प्रसंग तिने पुन्हा लिहून काढला. आम्हाला वाचायला दिला आणि वही लगेच परत मागून घेतली. तिने योग्यच केले.

जय भीम!