पक्षिस्थलांतराच्या वासंतिक नोंदी
वसंत ऋतूत, म्हणजे साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत, भारतात हिवाळा घालवणारे पक्षी आपल्या विणीच्या प्रदेशाकडे परततात. या परतीच्या काळात निरनिराळ्या निरीक्षकांनी दिनांक, स्थळ, जाती व संख्या यांसह टिपलेल्या आणि परस्परांना कळवून एकत्र केलेल्या माहितीस वासंतिक स्थलांतराच्या नोंदी म्हणता येईल. एकट्या निरीक्षकाची नोंद त्याच्या टिपणवहीपुरती असते. अनेकांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे मात्र त्यांतून प्रवासाचा काळ, मार्ग व पक्ष्यांच्या संख्येतील चढउतार उलगडू लागतात. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण व निरीक्षकांची वाण असलेल्या प्रदेशात अशा नोंदींचे मोल विशेष आहे.

प्रदेश : बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. जिल्ह्याचा दक्षिण भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व पठाराने व्यापला असून मांजरा नदी पाटोदा तालुक्यात याच डोंगरांत उगम पावते. सिंदफणा व तिला मिळणारी बिंदुसरा या मधल्या भागातील नद्या होत. सिंदफणेवरील माजलगावचे धरण व मांजरेवरील धनेगावचे धरण यांच्या उथळ, गाळाच्या काठांवर पाणपक्षी उतरतात. गोदावरीच्या वरच्या अंगास पैठणजवळचा नाथसागर असून त्याचे क्षेत्र १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाटोदा तालुक्यातील सु. ३० चौ. किमी.चे नायगाव अभयारण्य (१९९४) मोरांसाठी राखलेले आहे. मोर स्थलांतर करीत नाही. स्थलांतरी पक्ष्यांचा फार मोठा भाग जिल्ह्यात कोणत्याही अभयारण्याबाहेर, म्हणजे शेते, माळराने, गावतळी व पाझर तलाव यांवरच राहतो.

परतणारे पक्षी : मध्य आशिया व सायबीरिया यांपासून हिंदी महासागरापर्यंतच्या हवाई मार्गास ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. तो ३० देशांवरून जातो व मराठवाडा त्याच्या कक्षेत येतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, तुतवार, धोबी, माळभिंगरी व भोवत्या हे या मार्गावरील परिचित प्रवासी होत. पट्टकादंब हा हंसकुलातील पक्षी हिमालय ओलांडताना ७,००० मी.हून अधिक उंची गाठू शकतो, हे उपग्रहाद्वारे घेतलेल्या मागोव्यावरून सिद्ध झाले आहे. मंगोलियात मानेभोवती क्रमांकित पट्टे घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतातील तलावांवर आढळले आहेत. ते क्रमांक दुर्बिणीतून वाचून कळविण्याचे काम कोणाही दक्ष निरीक्षकास करता येते.

सर्वच वासंतिक हालचाल परतीची नसते. चातक मेच्या अखेरीस व जूनमध्ये, मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे आफ्रिकेकडून येतो. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे त्याच्याकडे पूर्वीपासून लक्ष असल्यामुळे त्याच्या आगमनाची नोंद मिळणे तुलनेने सोपे जाते.

भोरडी : बीडच्या शेतकऱ्यास सर्वांत निकटचा परिचय आहे तो भोरडीचा. मैनेएवढा, गुलाबी अंगाचा व काळ्या डोक्यापंखांचा हा पक्षी आग्नेय युरोपापासून मध्य आशियापर्यंत वीण घालतो आणि जुलै-ऑगस्टपासून भारतात येऊ लागतो. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे हजारोंचे थवे शेतांवर उतरतात व राखणदार माळ्यावर उभा राहून गोफणीने त्यांना हाकलतो. तथापि हाच पक्षी टोळ व नाकतोडे यांचा मोठा भक्षक आहे. पळस, पांगारा व काटेसावर फुलल्यावर मकरंद पिताना त्याच्या डोक्याला परागकण चिकटतात व परागणास मदत होते. पळसाशी असलेल्या या संबंधामुळे त्यास ‘पळसमैना’ असेही म्हणतात. वसंतात पिसांच्या फिकट कडा झिजून जातात व खालचा काळा आणि गुलाबी रंग उजळतो. रंग असा उजळल्यानंतर, एप्रिलमध्ये बहुतेक थवे निघून जातात. राखणदारास भोरडी केव्हा आली हे नेमके ठाऊक असते. ती केव्हा गेली याकडे मात्र, पीक घरात आलेले असल्यामुळे, सहसा कोणाचे लक्ष नसते.

नोंदीची पद्धती : आगमनापेक्षा प्रस्थानाची नोंद अवघड असते. पहिला पक्षी दिसताच तो पहिला आहे हे निरीक्षकास कळते. शेवटचा पक्षी मात्र शेवटचा होता हे पुढे कित्येक दिवस पाहूनही तो न दिसल्यावरच ठरते. म्हणून वसंतात ‘आज दिसला नाही’ ही नोंद ‘आज दिसला’ या नोंदीइतकीच महत्त्वाची असते. निरीक्षणास किती वेळ दिला, किती अंतर चालले व किती जण बरोबर होते हे लिहिल्याशिवाय दोन नोंदींची तुलना करता येत नाही. दिसलेल्या सर्व जातींची यादी ठेवणे हे केवळ दुर्मिळ जाती टिपण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

बीडमध्ये आणखी एक अडचण येते. परतीची प्रेरणा मुख्यतः दिवसाची लांबी वाढत गेल्याने शरीरात होणाऱ्या अंतःस्रावी बदलांतून मिळते. परंतु अवर्षणाच्या वर्षी तळी फेब्रुवारीतच आटली, तर बदके त्यापूर्वीच दुसऱ्या जलाशयाकडे सरकतात. ते खरे प्रस्थान नव्हे. एका तळ्यावरील निरीक्षकास दोहोंतील भेद कळणे शक्य नसते. माजलगाव, धनेगाव व पैठण येथील त्याच आठवड्यातील नोंदी एकत्र पाहिल्या, तरच पक्षी जिल्ह्यातून गेले की पाण्यामागे गेले, हे ठरविता येते. यासाठी पाण्याच्या पातळीचा उल्लेख प्रत्येक नोंदीत असणे आवश्यक आहे.

नोंदींच्या देवाणघेवाणीचा इतिहास : बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) या संस्थेने १९२७ मध्ये पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्यास आरंभ केला. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ नंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. झफर फतेहअली (१९२०–२०१३) यांनी १९६० च्या सुमारास सुरू केलेल्या ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ या पत्रिकेमुळे गावोगावच्या हौशी निरीक्षकांची टिपणे परस्परांपर्यंत पोहोचू लागली. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. महाराष्ट्रात पक्षिमित्रांच्या संमेलनांनी हौशी व अभ्यासक यांना एकत्र आणले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोशा’ने पक्ष्यांची मराठी व बोलीभाषांतील नावे अभ्यासकांच्या हाती दिली. २००७ मध्ये बंगळूर येथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेने ‘मायग्रंटवॉच’ हा केवळ स्थलांतराच्या नोंदींचा उपक्रम सुरू केला. पुढे अशा नोंदी ‘ई-बर्ड’ या जागतिक संग्रहात समाविष्ट होऊ लागल्या. सु. ३०,००० निरीक्षकांच्या सु. ३ कोटी नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातील ९४२ जातींच्या स्थितीचा आढावा प्रसिद्ध झाला.

नोंदींतील उणिवा : अशा संग्रहांतील नकाशे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ते जितके पक्ष्यांचे, तितकेच निरीक्षकांचेही नकाशे असतात. पुणे-मुंबईभोवती नोंदींची दाटी दिसते आणि मराठवाड्यातील कोरडे तालुके विरळ दिसतात. तेथे पक्षी कमी आहेत असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे होय. नोंदीचा अभाव हा पक्ष्याच्या अभावाचा पुरावा नसतो. मात्र एखाद्या माळरानावर वा पाणथळीवर प्रकल्प उभारायचा असेल, तेव्हा ‘येथे पक्ष्यांची नोंद नाही’ हेच विधान निर्णायक ठरण्याचा धोका असतो.

बीडमध्ये या उणिवेस सामाजिक कारणही आहे. जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. पाहुणे पक्षी गावच्या शिवारात असतात, तेव्हा शिवार उत्तम जाणणारी पुष्कळ माणसे बाहेरगावी असतात. माणसे घरी येतात, त्याच सुमारास पक्षी निघून जातात. जी मंडळी मागे उरतात त्यांत वृद्ध, मेंढपाळ, राखणदार व शाळकरी मुले असतात. त्यांना पक्षी बोलीतील नावांनी ओळखता येतात. ती नावे, दिनांक व शिवाराचे नाव एवढे शाळेच्या वहीत उतरले, तरी त्यातून उपयुक्त नोंद तयार होते. शास्त्रीय नावाची जोड अभ्यासकास नंतर देता येते.

दक्षता : नोंद प्रसिद्ध करताना घरटी, भोवत्यांची जमिनीवरील रात्रीची सामूहिक वसतिस्थाने आणि माळढोकासारख्या संकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी ठिकाणे उघड करू नयेत. छायाचित्रकारांची गर्दी व शिकारी या दोहोंपासून त्यांना उपद्रव होतो. कडी वा पट्टा घातलेला पक्षी आढळल्यास क्रमांक, रंग, दिनांक व स्थळ संबंधित संस्थेस कळवावे. ओळख संशयास्पद असल्यास तसे स्पष्ट लिहावे. संशयाची नोंद पुढे तपासता येते, चुकीच्या खात्रीची नोंद मात्र संग्रहात वर्षानुवर्षे टिकून राहते.

हवामान बदलत असताना परतीच्या तारखाही सरकत आहेत काय, हे ठरविण्यास एकाच ठिकाणच्या अनेक वर्षांच्या सलग नोंदी लागतात. गेलेल्या वर्षांच्या नोंदी मागाहून करता येत नाहीत. म्हणून एखाद्या गावतळ्यावर दर वसंतात नेमाने ठेवलेली साधी वही ही त्या प्रदेशाच्या निसर्गेतिहासाचे मूळ साधन ठरते.