चुकार ठोका कोठून निघतो?

‘डॉक्टर, छातीत काहीतरी उडी मारल्यासारखे होते,’ अशी तक्रार घेऊन एक शिक्षिका तीनदा दवाखान्यात आल्या. तिन्ही वेळा ई.सी.जी. निर्दोष. ‘बाई, पित्त असेल,’ असे म्हणून मी गोळ्या दिल्या. चौथ्यांदा त्या धडधड चालू असतानाच शाळेतून थेट आल्या आणि चुकार ठोका पट्टीवर सापडला.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटे केंद्र असते. ठोक्याचा विद्युत संदेश तेथून निघून खाली पसरतो. कधी कधी भलत्याच जागेच्या पेशी आधीच संदेश सोडतात. अवेळी ठोका पडतो, मग क्षणभर थांबा, म्हणून ‘ठोका चुकला’ असे वाटते.

ही जागा बाहेरून कशी ओळखायची? हातापायांना 4 आणि छातीवर 6 जोडण्या लावून यंत्र हृदयाकडे 12 बाजूंनी पाहते. लहर ज्या बाजूकडे येते तेथे रेघ वर उठते. दूर जाते तेथे खाली उतरते. वरात कोणत्या गल्लीतून निघाली हे घरात बसून वाजंत्रीवरून कळते, तसेच हे.

खालच्या कप्प्यात निघालेला ठोका नेहमीची वाट सोडून स्नायूंतून हळूहळू जातो, म्हणून पट्टीवर रुंद दिसतो. साधारण 3 लहान चौकोन, म्हणजे 0.12 सेकंद किंवा जास्त. छातीवरच्या पहिल्या जोडणीत तो मुख्यतः खाली गेला तर उगम बहुधा उजव्या बाजूला, वर उठला तर डाव्या.

बाईंच्या पट्टीत येथे रेघ खाली होती आणि पायाच्या दिशेने पाहणाऱ्या तिन्ही रेघा उंच वर. म्हणजे लहर वरून खाली येत होती. उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त जाते, त्या तोंडाशी उगम असावा. हृदयतज्ज्ञांनी आधी गोळ्या दिल्या. त्रास थांबेना, तेव्हा मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून नेमकी जागा आतून तपासली व तेवढीच उष्णतेने निकामी केली. शोध कोठे घ्यायचा, हे त्या पट्टीने सांगितले होते.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे:

• धडधड चालू असतानाच ई.सी.जी. काढावा. ती वारंवार निसटत असेल तर 24 तासांची होल्टर तपासणी विचारावी.

• पट्टी जपावी. तिच्यावरची रेघ कालांतराने पुसट होते. झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लॅमिनेशन करू नये. उष्णतेने कागद काळा पडतो.

• निरोगी हृदयात अधूनमधून पडणारे जादा ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र भोवळ, बेशुद्धी, छातीत दुखणे, दम लागणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर दिवस घालवू नयेत. त्रास चालू असताना स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

‘पित्त असेल’ म्हणण्याआधी मीही आता विचारतो, ‘धडधड चालू असताना पट्टी काढली होती का?’