पावसाळ्याआधी नदी कुठे असते?

नदी डोंगरातून येते, हे शाळेत शिकलो. पण पाऊस थांबल्यावरही ती वाहते कशी? उत्तर जमिनीखाली आहे. मुरलेलं पाणी हळूहळू झिरपत पात्रात येतं. भूजलाची पातळी पात्राच्या तळाखाली गेली, की नदी आटते.

राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातली अरवरी अशीच आटली होती. 'तरुण भारत संघ' या संस्थेने आणि गावकऱ्यांनी १९८०च्या दशकात नदीला हात न लावता जोहड बांधायला घेतले. जोहड म्हणजे उतारावर घातलेला अर्धचंद्राकृती मातीचा बांध. पावसाचं पाणी त्याला अडून थांबतं, मुरतं. एका जोहडाने विहिरीला पाणी येतं. पाणलोटभर शेकडो झाले, तेव्हा १९९०च्या दशकात अरवरी पुन्हा बारमाही वाहू लागली.

खरी परीक्षा त्यानंतरची. पाणी दिसलं, की उपसा वाढतो. म्हणून सत्तरेक गावांनी 'अरवरी संसद' स्थापली आणि पिकांवर बंधनं घातली. त्यात ऊसबंदीही होती!

बांध श्रमदानाने होतो. नदी मात्र संयमाने टिकते. उसाच्या मुलुखातल्या आपल्याला हा धडा जरा जड जाईल.